परक्या वस्तीतील पहिले दिवस

आपले गाव सोडून दुसऱ्याच्या गावी राहावयास जाणे, ही आपल्यापैकी अनेकांच्या आयुष्यात घडलेली गोष्ट आहे. कोणी पोटासाठी जातो, कोणी लग्न होऊन जाते, कोणाची बदली होते. अशा माणसाला तेथे काही काम असते, कोणाचा तरी आधार असतो. परंतु ज्याला कोणी बोलावलेले नाही, असा माणूस केवळ सेवेच्या हेतूने परक्या समाजात राहावयास जातो, तेव्हा काय घडते? त्याच्या मनातील हेतू समोरच्यांना दिसत नाही. त्यांना दिसतो तो त्याचा पोशाख, ऐकू येते ती त्याची बोली, आणि आठवतात ते त्याच्याआधी येऊन गेलेले परके लोक. स्वयंसेवकाच्या पहिल्या दिवसांची सारी अडचण येथे आहे.

बंगळूरच्या सीमेवरील यमलूर या गावात 1950 साली जन्मलेल्या डॉ. एच. सुदर्शन यांचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ते बारा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचा मृत्यू झाला. तो खेड्यात, वैद्यकीय उपचार न मिळता झाला. त्याच सुमारास आफ्रिकेत जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या अल्बर्ट श्वाइट्झर यांच्याविषयी त्यांच्या वाचनात आले. पुढे विवेकानंदांच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव पडला. बंगळूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1973 मध्ये पदवी घेतल्यावर त्यांना शहरात व्यवसाय थाटणे अवघड नव्हते. त्यांनी मात्र रामकृष्ण मिशनच्या आरोग्यकेंद्रांतून काही वर्षे काम केले आणि 1980च्या सुमारास ते बिळिगिरी रंगन डोंगरात राहावयास गेले.

हा डोंगर बंगळूरपासून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांवर, आजच्या चामराजनगर जिल्ह्यात आहे. पूर्व आणि पश्चिम घाटांना जोडणारा हा दाट जंगलाचा पट्टा. तेथे सोलिग नावाचे आदिवासी राहतात. त्यांच्या वस्तीला 'पोडू' म्हणतात. नाचणी हे त्यांचे मुख्य धान्य. मध, आवळे, रिठे, दगडफूल ही त्यांची जंगलातील मिळकत. डोंगरावरील रंगनाथस्वामींनी एका सोलिग कन्येशी विवाह केला, अशी त्यांची कथा आहे, म्हणून हा देव त्यांच्या नात्यातला, त्यांचा मेहुणा! देवालासुद्धा सोयरा करून घेणारी ही माणसे माणसांपासून मात्र दूर पळत असत. डॉक्टर येताना दिसले की लोक झाडीत नाहीसे होत, असे पहिल्या दिवसांविषयी सांगितले जाते.

ते का पळत? त्यांना आपण 'अज्ञानी' म्हणून मोकळे होऊ शकतो. परंतु ते उत्तर आळशीपणाचे ठरेल. या डोंगरातील जंगल 1974 मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. शिकार बंद झाली, फिरती शेती बंद झाली, आणि आतील पोडूंमधल्या अनेक कुटुंबांना उठवून कडेच्या वसाहतींत आणण्यात आले. तोपर्यंत त्यांनी बाहेरची जी माणसे पाहिली होती, त्यांत प्रामुख्याने वनरक्षक, ठेकेदार आणि सावकार होते. विजार-सदरा घातलेला माणूस म्हणजे काहीतरी काढून घेणारा माणूस, हा त्यांचा अनुभव होता. नव्या डॉक्टरांची पेटी त्यांना औषधांची म्हणून कशी ओळखू यावी? भीती ही येथे अनुभवातून आलेली शहाणीव होती, असेच म्हणावे लागेल.

अशा वेळी दवाखान्याची पाटी लावून रुग्णांची वाट पाहणे व्यर्थ होते. रुग्ण येत नसेल, तर वैद्याने जावयाचे. पायी, एका पोडूपासून दुसऱ्या पोडूपर्यंत. भाषेची गंमत अशी की, सोलिगांची बोली कन्नडला जवळची आहे. बंगळूरच्या माणसाला ती अर्धीमुर्धी कळते, आणि अर्धे कळणे हे कधी कधी मुळीच न कळण्यापेक्षा अधिक फसवे असते. आपल्याकडे पुण्याचा माणूस वऱ्हाडात किंवा सिंधुदुर्गात गेला, तर त्याला याची प्रचीती येते. शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ निसटून जातो.

या पहिल्या काळातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे शिकवावयास गेलेला माणूस शिकू लागला. सोलिग स्त्रिया उकिडव्या बसून बाळंत होत. वैद्यकीय महाविद्यालयात शिकविलेली रीत आडवे निजविण्याची. परंतु उकिडवे बसण्यात शरीराच्या भाराचे साह्य मिळते, हे ध्यानात आल्यावर ती रीत मोडण्याऐवजी स्वीकारली गेली. वनस्पतींची माहिती असलेल्या स्थानिक वैदूंना दूर न लोटता त्यांनाही कामात घेण्यात आले. दुसरीकडे, या समाजात आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार केवळ झाडपाल्याने ओळखता येणारा नव्हता. तेथे प्रयोगशाळेचीच गरज होती. कोठे आपले ज्ञान द्यावयाचे आणि कोठे ते बाजूला ठेवावयाचे, हा निवाडा करता येणे ही सेवेची खरी परीक्षा होय. माझ्या मते ती वैद्यकीय परीक्षेहून कठीण आहे.

याच कामातून 'विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र' ही संस्था उभी राहिली. मुलांसाठी शाळा निघाली. शाळेत शिकलेल्या सोलिग मुलांपैकी कोणी आरोग्यसेवेत आले, कोणी शिक्षक झाले, एकाने पीएच.डी. मिळविली. 1994 मध्ये या कार्याला 'राइट लाइव्हलिहूड' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2000 मध्ये सुदर्शन यांना पद्मश्री. पुरस्कारांची यादी येथेच थांबवू; कारण आपला विषय पहिल्या दिवसांचा आहे.

मराठी वाचकाला येथे हेमलकशाची आठवण होणे स्वाभाविक आहे. 23 डिसेंबर 1973 रोजी तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड परिसरात लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले, तेव्हा वीज नव्हती, पावसाळ्यात रस्ता नव्हता, आणि माडिया गोंड लोक त्यांच्या जवळपासही येत नव्हते. माडिया भाषा मराठीला जवळची नाही. तेव्हा तिचे पुस्तक हाताशी नव्हते, कोश नव्हता. वस्तूकडे बोट दाखवावे, समोरचा जे म्हणेल ते लक्षात ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशी ते बोलून पाहावे, असा अभ्यासक्रम! आजूबाजूची माणसे अपुऱ्या वस्त्रांत वावरताना पाहून प्रकाश आमटे यांनी स्वतःचा पोशाखही अर्धी विजार आणि बंडी एवढाच ठेवला. पोशाख उतरविल्याने माणूस लगेच आपला होत नाही, हे खरे. पण भिंतीची एक वीट निघते. पुढे इतरांनी आशा सोडलेले काही रुग्ण बरे होऊन चालत घरी गेले, तेव्हा त्यांनीच गावोगाव बातमी नेली.

परदेशाचा विचार केला, तर सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत करण्यासाठी 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यांत ते होते. चीनमध्ये असतानाच त्यांच्या वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना कळली. तरी ते परतले नाहीत. त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, 'के दिहुआ' हे नाव धारण केले, तेथील परिचारिकेशी विवाह केला. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. परक्या भूमीत त्यांना जेमतेम चार वर्षे लाभली.

पुन्हा बिळिगिरीकडे वळू. सोलिग पूर्वी उन्हाळ्याच्या आरंभी जंगलातील वाळलेला पाला थोडाथोडा जाळीत. या आगीला ते 'तरगु बेंकी' म्हणतात. अशी आग लावण्यास बंदी आली, आणि पुढे घाणेरीच्या झुडपांनी जंगल व्यापले. आग बंद झाल्यामुळेच घाणेरी माजली, असे सोलिग वृद्ध सांगत. जंगलाचे शिक्षण घेतलेल्या बाहेरच्या लोकांनी हे बोलणे बराच काळ मनावर घेतले नाही. नंतर बंगळूरच्या संशोधकांनी सोलिगांच्या बरोबर हिंडून त्यांचे म्हणणे नोंदविले आणि अभ्यासपूर्वक मांडले. 2011 मध्ये हे जंगल व्याघ्रप्रकल्प झाले. त्याच वर्षी वनहक्क कायद्यानुसार पंचवीस ग्रामसभांना येथील जंगलावरील सामूहिक हक्क मिळाले. व्याघ्रप्रकल्पात असे हक्क मान्य होण्याची देशातील ही पहिली वेळ होती. ज्यांच्या आजोबांनी अनोळखी माणूस पाहून झाडीचा आसरा घेतला, त्यांची नातवंडे आता कागदपत्रे घेऊन त्याच झाडीविषयी अधिकाऱ्यांशी चर्चेला बसतात.

स्वाध्याय

सोलिग लोक सुरुवातीला डॉक्टरांपासून दूर का पळत? लेखकाने 'अज्ञानी' हे उत्तर का नाकारले आहे, ते आपल्या शब्दांत लिहा.

'अर्धे कळणे हे मुळीच न कळण्यापेक्षा अधिक फसवे असते.' बोलीभाषेच्या संदर्भात आपल्याला आलेला असा एखादा अनुभव आठ-दहा ओळींत लिहा.

आपल्या गावात किंवा वस्तीत बाहेरून राहावयास आलेल्या एखाद्या व्यक्तीशी बोला. तिला पहिल्या महिन्यात काय अवघड गेले, हे तिच्याच बोलीतील शब्द वापरून टिपून ठेवा.