करडई : काळ्या मातीचे काटेरी झुडूप

शेवंती, झेंडू आणि सूर्यफूल ही फुले आपल्या परिचयाची आहेत. त्यांच्याच कुळातले एक झुडूप पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शेतांत उभे असूनही त्याला फूलझाड म्हणून कोणी ओळखत नाही. ते झुडूप म्हणजे करडई. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे. परंतु हदगाव तालुक्यातील शेतकरी कुटुंबात वाढल्यामुळे हे पीक जवळून पाहिले आहे. ते आपल्या शिवारांतून का हटत आहे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

करडईचे शास्त्रीय नाव कार्थॅमस टिंक्टोरियस. यातील दुसऱ्या शब्दाचा संबंध रंगकामाशी आहे. संस्कृतात हिला कुसुंभ म्हणतात आणि आपला 'कुसुंबी' रंग त्यावरूनच आला. तिचे एक फूल म्हणजे वस्तुतः अनेक नळीदार फुलांचा झुबका. तो उमलताना बहुधा पिवळा आणि सुकताना नारिंगी-तांबडा होतो. त्यातला पिवळा रंग पाण्यात विरघळतो, तांबडा विरघळत नाही. म्हणून रंगारी आधी फुले धुऊन पिवळा रंग काढून टाकीत, मग खाराच्या पाण्यात तांबडा उतरवीत आणि आंबट घालून तो कापडावर बसवीत. १८५६ नंतर कृत्रिम रंग आले आणि हा व्यवसाय बसला. करडई उरली ती तेलापुरती.

लागवडीची रीत सोपी आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, जमिनीत ओल असताना पेरणी करावी. हेक्टरी १० ते १२ किलो बियाणे पुरते. दोन ओळींत ४५ व दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. उगवणीनंतर दहा-पंधरा दिवसांनी विरळणी करावी. उपटलेली कोवळी रोपे वाया जात नाहीत. त्या वयात पानांना काटे नसतात आणि त्यांची भाजी घरोघर होते. पेरणी लांबली की मावा पडतो. तो बहुधा बांधाकडून सुरू होतो, म्हणून कडेच्या ओळींवर आधी नजर ठेवावी. पाणी असल्यास एक-दोन हलक्या पाळ्या पुरेत. साचलेल्या पाण्याने झाड मरते. सोटमूळ खोल जाऊन खालची ओल उचलते, हीच या पिकाची खरी ताकद. पाऊस लवकर उघडला तरी करडई तग धरते.

असे असता पीक मागे का पडले? सोयाबीन आणि त्यामागून हरभरा, ही जोडी आली हे एक कारण. दुसरे कारण काढणीत आहे. पाने व बोंडे वाळली की काटे सुईसारखे होतात. ते सकाळच्या दवाने जरा नरम असतात, म्हणून काढणी ऊन चढण्यापूर्वी उरकावी लागते. बाया हाताला फडकी गुंडाळून कापतात, तरी काटा लागतोच. या कामाला कोणी यावयास तयार नसेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? तेल हृदयाला चांगले म्हणून आपण घाण्यावर रांग लावतो. पण ते ज्या हातांनी काढले, त्यांचा विचार करीत नाही.

यावर उपाय निघालेला आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६' ही बिनकाट्याची जात दिली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तेलासाठी 'परभणी कुसुम' दिली; परंतु ती काटेरी आहे. काटा निव्वळ वाईट, असेही नाही. पूर्वी ज्वारीच्या कडेने करडईचे पाटे धरीत, ते जनावरे आत शिरू नयेत म्हणून. आज रानडुकरांचा उपद्रव वाढला असता ती युक्ती पुन्हा उपयोगी पडेल. म्हणून मला असे सुचवावेसे वाटते, की कडेच्या चार ओळी काटेरी ठेवाव्यात आणि आत बिनकाट्याची करडई पेरावी. दाणे भरल्यावर सुकलेल्या पाकळ्या वेचल्या तर उत्पन्न घटत नाही, आणि त्यांनाही काढा व नैसर्गिक रंगासाठी मागणी असते. काट्यांविना ही वेचणी सुखाची होईल.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी थोडीफार जमीन आहे. येत्या रब्बीत चार-दोन गुंठे जरी कोणी या रीतीने पेरून पाहिले, तर या लेखाचे सार्थक होईल.