बांधावर तज्ज्ञांचा सल्ला
पिकावर पडलेली कीड अधिकाऱ्यांच्या पुढील फेरीपर्यंत थांबत नाही. ही निकड ओळखून केंद्र शासनाने २१ जानेवारी २००४ रोजी किसान कॉल सेंटर सुरू केले. १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीतूनही सल्ला मिळतो. प्रथम कृषी पदवीधर उत्तर देतो. प्रश्न त्याच्या आवाक्याबाहेरचा असल्यास तो वरिष्ठ तज्ज्ञांकडे सोपविला जातो.

मात्र दूरध्वनीवरील तज्ज्ञाला शेत दिसत नाही. म्हणून पिकाचे वाण, वय, रोगाची लक्षणे व आधी केलेली फवारणी नेमकी सांगणे अगत्याचे ठरते. अर्धवट माहितीवर मिळालेला सल्ला हंगाम बुडवू शकतो. ग्रामपंचायतींनी हा क्रमांक फलकावर लिहावा. शिक्षकांनी प्रश्न मांडण्याची रीत विद्यार्थ्यांना शिकवावी. नेमक्या प्रश्नास नेमके उत्तर मिळाले, तरच सेवेवरील विश्वास वाढेल आणि ती गावोगावी रुजेल.