वाट फोनात भरताना

आदिलाबाद

चि. सोनूस,

पांढरकवड्याहून सायकल मारत केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला येतेस, हे वाचून मामी कालपासून गल्लीभर सांगत फिरते आहे. गूगलच्या माय मॅप्सवर आखलेली तुझी वाट मी पाहिली. आखणी चोख आहे. ती फोनातल्या ऑसमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये नेताना माणूस कुठे फसतो, तेवढं लिहितो. मी फसलोय, म्हणून.

माय मॅप्समधून वाटेची केएमएल फाइल उतरवताना नेटवर्क लिंकचा एक चौकोन दिसेल. त्यात बरोबरची खूण पडली, की फाइलमध्ये वाट येतच नाही, वाटेचा नुसता पत्ता येतो. घरी वायफायवर सगळं झकास. रानात रेंज गेली की पडदा कोरा! फाइलचा आकार बघ. एवढी लांब वाट एक-दोन केबीत मावत नसते. आणि उतरवताना 'संपूर्ण नकाशा' निवड. एकच थर घेतलास तर रेषा येईल, खुणा मागेच राहतील.

केएमएलची जीपीएक्स फाइल करणार असशील तर 'ट्रॅक' कर, 'रूट' नको. रूट म्हणजे मोजके ठिपके, मधली वाट ॲप आपल्या अकलेने जोडतं. ट्रॅकमध्ये वळणन् वळण असतं. मी एकदा आतल्या वाड्या-गुड्यांमधून जाणारी वाट पाच ठिपक्यांत पाठवली. ॲपने मुकाट्याने मला गुडीहत्नूरच्या हायवेला नेऊन सोडलं. ट्रकांची धूळ खात तासभर गेल्यावर शंका आली. एवढा वेळ का लागला, विचारू नकोस.

गावं नावावरून शोधू नकोस. केस्लापूरऐवजी केळापूर लागलं तर तू पांढरकवड्यालाच घुटमळशील. आकडे हाताने भरलेस तर क्रम सांभाळ: केएमएलमध्ये रेखांश आधी येतो. आदिलाबाद १९.६७ उत्तर, ७८.५३ पूर्व, उलटं झालं तर थेट ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांत पोचशील, आणि मामीची भाकरी इथे गार होईल.

खुणांचं मात्र मनावर घे. मेसराम कुळाची मंडळी पौषात हस्तिनामडुगूहून गोदावरीचं पाणी झारीत घेऊन अनवाणी केस्लापूरला येतात. अमावस्येला नागोबाची महापूजा. त्यांच्याजवळ नकाशा नसतो, पण कुठे टेकायचं ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. तुझ्या नकाशात रेषा ठळक आहे, टेकायची जागा एकही नाही. हातपंप, पंक्चरवाला, चहाची टपरी, अंधार पडला तर थांबायचं गाव, हे सगळं टाक. नुसता 'पॉइंट ४' नको. 'शाळेमागे हातपंप' असं लिही. दमल्यावर तेच वाचायचं असतं.

ऑसमअँडमध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणाचे नकाशे वेगवेगळे उतरवावे लागतात. एकच घेतलास तर पाटणबोरीच्या पुढे पैनगंगेच्या पुलावर नकाशा संपेल. दोन्ही घे. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून घराजवळच चार किलोमीटर फिरून ये. जीपीएसला रेंज लागत नाही, निळा ठिपका रेषेवर सरकला पाहिजे. नाही सरकला तर त्याच संध्याकाळी मला फोन कर. आदल्या रात्री साडेअकराला नको.

तुझा,
मामा