सुकाळातील गंगाजळी

पावसाळ्यापूर्वी घरात जळण, धान्य, मीठमिरची यांची बेगमी करून ठेवण्याची चाल आपल्या शेतकरी कुटुंबांत पूर्वापार आहे. चार महिन्यांस काय व किती लागेल याचा अंदाज घरच्या वडीलधाऱ्या बाईस बिनचूक असतो. परंतु धान्याच्या बाबतीत जी दूरदृष्टी आपण दाखवितो, ती पैशाच्या बाबतीत दाखवितो असे मात्र दिसत नाही. प्रस्तुत लेखात पैशाच्या बेगमीचा, म्हणजेच गंगाजळीचा, विचार करावयाचा आहे. तो विशेषेकरून अशा शेतकऱ्याच्या दृष्टीने करू, की जो आपली शेती सांभाळून ट्रॅक्टर, मळणी यंत्र किंवा मालवाहू गाडी यांच्या साहाय्याने दुसऱ्यांची कामे ठेक्याने घेतो. असे शेतकरी आज गावोगाव आहेत, आणि त्यांचा हिशेब नुसत्या कुळंबिकीच्या हिशेबाहून अधिक नाजूक आहे.

१. मिळकतीचे स्वरूप

नोकरदाराचा पगार दरमहा ठरलेला असतो. ठेक्याने काम करणाऱ्याचे तसे नाही. एप्रिल-मे महिन्यांत नांगरटीस उसंत मिळत नाही; मृगाच्या आगेमागे पेरणीची घाई; दसरा-दिवाळीच्या सुमारास मळणी; पुढे उसाच्या पट्ट्यात गाळप हंगाम संपेपर्यंत वाहतुकीच्या खेपा. परंतु आषाढापासून भाद्रपदापर्यंत यंत्र गोठ्याशेजारी उभे राहते. त्याच काळात मुलांच्या शाळा-महाविद्यालयांचा खर्च, खताचा दुसरा हप्ता, घरातील आजारपण आणि सणवार एकामागून एक येतात. सबब वर्षाची मिळकत पुरेशी असूनही तीन-चार महिने हात आखडलेला असतो. ही झाली दरसालची टंचाई. ही येणार हे आधीच ठाऊक असते. म्हणून हिला संकट म्हणणेही योग्य नव्हे.

दुसरी टंचाई अवर्षणाची. ती कोणत्या साली येईल ते सांगता येत नाही. येईल एवढे मात्र निश्चित सांगता येते. १८७६-७८ चा दुष्काळ आपण पुस्तकांतून जाणतो. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे अद्याप गावांत आहेत. २०१५-१६ साली मराठवाड्यात अशी पाळी आली, की एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत, २०१८-१९ साली, राज्यातील अनेक तालुके पुन्हा दुष्काळी जाहीर झाले.

२. एक सर्वसाधारण गैरसमज

पुष्कळांची अशी समजूत असते की, शेती बुडाली तरी ट्रॅक्टर तारील. एक पाय घसरला तर दुसरा आहे. हा समज तपासून पाहिला पाहिजे. पाऊस नसल्यास आपले पीक जाते, तसेच शेजाऱ्याचेही जाते. शेजारी नांगरट पुढे ढकलतो, मळणीस माल नसतो, ऊस कमी असल्यामुळे कारखान्याचा हंगाम लवकर आटोपतो. तात्पर्य, शेती आणि ठेक्याचे काम हे दोन पाय दिसत असले तरी दोन्ही एकाच पावसावर उभे आहेत. बँकेचा हप्ता मात्र पावसाकडे पाहत नाही.

उधारीचेही असेच आहे. वहीत लोकांकडून येणे म्हणून लाखभर रुपये लिहिलेले असतात आणि मनुष्य त्यावर विसंबतो. परंतु ज्या साली आपणांस पैशाची निकड, त्याच साली देणेकऱ्यापाशीही पैसा नसतो. उधारी ही सुकाळातील मिळकत आहे, दुष्काळातील गंगाजळी नव्हे.

जनावरे आणि जमीन यांचा विचार केल्यास तोच न्याय लागू पडतो. चारा संपला म्हणजे साऱ्या पंचक्रोशीतील जनावरे एकाच बाजारात येतात; विकणारे शंभर आणि घेणारे दहा. मग बैलजोडी मातीमोल जाते. जमिनीचा तुकडा अडचणीत विकला तर भाव घेणारा ठरवितो, विकणारा नव्हे. आणि एकदा सातबाऱ्यावरील नाव गेले की ते परत येणे कठीण. म्हणून ज्या वस्तूचे मोल दुष्काळातच उतरते, तिला दुष्काळाची बेगमी म्हणता येत नाही. बेगमी रोकड स्वरूपातच, किंवा चार दिवसांत रोकड होईल अशा स्वरूपात, असली पाहिजे.

३. सरकारी साहाय्यावर किती विसंबावे

महसूल खात्याच्या नोकरीत पैसेवारीचे तक्ते लिहिण्याचे काम आम्हांकडे अनेक वर्षे होते. त्या अनुभवावरून काही सांगणे अवश्य वाटते. गावाची पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा कमी आली म्हणजे जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांस परीक्षा शुल्काची माफी अशा सवलती मिळतात. या सवलती उपयोगी आहेत यात संशय नाही. परंतु पैसेवारी प्रथम नजर अंदाजाने, नंतर सुधारित व शेवटी पीक-कापणी प्रयोगांवरून अंतिम, अशी ठरते. खरिपाची अंतिम पैसेवारी निघते तो डिसेंबर उजाडतो. घरातील डबा मात्र ऑगस्टातच रिकामा झालेला असतो. शिवाय पैसेवारी गावाची असते, एका शेताची नव्हे. गाव साठ पैशांवर आले आणि आपले शिवार वीस पैशांवर राहिले, तर तक्ता काय करणार?

पीकविम्याचेही नियम आहेत. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ साली सुरू झाली. तीत शेतकऱ्याचा हिस्सा खरीप अन्नधान्य व गळीत पिकांस विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीस दीड टक्का व नगदी पिकांस पाच टक्के असा आहे. २०२३ साली आपल्या राज्याने एक रुपयात विमा देण्यास आरंभ केला आणि २०२५ साली ती सवलत बंद केली. योजना येतात, बदलतात, जातात. विमा अवश्य उतरावा. परंतु भरपाई हातात पडेपर्यंतचे महिने काढण्यास आपलीच पुंजी लागते. आणि ट्रॅक्टर उभा राहिल्यामुळे बुडालेले भाडे तर पीकविम्यात मुळीच येत नाही.

४. गंगाजळी किती असावी

येथे एक कल्पित हिशेब मांडतो. वाचकांनी यात आपापले आकडे घालावेत.

एका कुटुंबास साधारण सालात घरखर्च दरमहा १५,००० रुपये लागतो. दुष्काळी सालात हात आवरून तो १२,००० वर आणला, तर वर्षाचे १,४४,००० होतात. ट्रॅक्टरच्या कर्जाचे ७५,००० चे दोन सहामाही हप्ते, म्हणजे १,५०,०००. पुढील हंगामाचे बी, खत व मजुरी ४०,०००. एकूण गरज ३,३४,००० रुपये.

आता दुष्काळी सालातही काय येईल ते पाहू. दूधदुभत्याचे, चाऱ्याचा खर्च वजा जाता, ५०,००० धरू. ठेक्याच्या कामाचे, डिझेल वजा जाता, एरवी २,४०,००० सुटत असतील, तर दुष्काळात तिसरा हिस्सा म्हणजे ८०,००० धरू. पिकाचे काही धरू नये. एकूण १,३०,०००. गरजेतून ही रक्कम वजा केली असता २,०४,००० रुपये उरतात. हीच या कुटुंबाची गंगाजळी. ती हाताशी असेल तर एक पूर्ण वर्ष बुडूनही घर, यंत्र आणि पुढची पेरणी या तिन्ही गोष्टी शाबूत राहतात.

५. ती कशी साठवावी

दोन लाखांचा आकडा पाहून पुष्कळांचे धैर्य खचते. परंतु उपाय अवघड नाही. ठेक्याचे पैसे ज्या दिवशी हाती येतील, त्याच दिवशी त्यातील सहावा हिस्सा बाजूस काढावा. महिनाअखेर उरतील ते ठेवू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाहीत. वरील हिशेबात २,४०,००० चा सहावा हिस्सा ४०,००० होतो. यात पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे ६,००० मिळवावेत. हे पैसे खात्यात परस्पर जमा होत असल्यामुळे त्यांस हात न लावणे सोपे जाते. एकूण ५२,००० झाले. चार वर्षांत २,०८,००० होतात, म्हणजे आपला आकडा पुरा होतो. व्याज धरलेलेच नाही. एखादे साल भाव चांगला मिळून अपेक्षेपेक्षा अधिक पैसे आले, तर त्या अधिकाचा अर्धा भाग गंगाजळीत टाकावा. मुदत आणखी कमी होईल.

वाहतूकदारांस एक इशारा द्यावासा वाटतो. हंगामापूर्वी कारखान्याकडून जी उचल मिळते, ती मिळकत नव्हे, ते कर्ज होय. ती मुकादमास दिली आणि टोळी आली नाही, तर उचल फेडण्याचा बोजा आपल्याच शिरावर येतो. उचलीतून गंगाजळी भरणे म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतून पाणी आणून आपली विहीर भरली म्हणणे होय.

तसेच शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून वगळलेले असले, तरी दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर भाड्याने चालविल्याचे उत्पन्न शेतीचे मानले जात नाही. तो धंदा समजला जातो. यास्तव भाड्याचा हिशेब निराळ्या वहीत ठेवावा.

६. कोठे ठेवावी

गंगाजळी सुरक्षित असावी, लागताच मिळावी, आणि सहजासहजी हाती लागू नये. या तीन कसोट्या लावाव्यात. व्याज चौथे.

दोन महिन्यांच्या खर्चाची रक्कम बचत खात्यात असावी. बाकीची राष्ट्रीयीकृत बँकेत किंवा टपाल कार्यालयात, एकाच पावतीवर न ठेवता, चार-पाच निरनिराळ्या मुदत पावत्यांवर ठेवावी. म्हणजे चाळीस हजारांची गरज पडली असता दोन लाखांची पावती मोडावी लागत नाही. बँक बुडाल्यास प्रत्येक ठेवीदारास एका बँकेमागे मुद्दल व व्याज मिळून पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण आहे. पूर्वी एक लाख असलेली ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये वाढविण्यात आली. सहकारी बँकांसही हा विमा लागू आहे. परंतु पतसंस्थांच्या ठेवींस तो लागू नाही, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळते म्हणून दुष्काळाची सारी पुंजी तेथे ठेवणे शहाणपणाचे नव्हे.

सोने अडीअडचणीस उपयोगी पडते हे खरे. परंतु दागिना मोडताना घडणावळ जाते, आणि घरातील माणसांचे मनही मोडते. ते शेवटचे साधन समजावे.

७. केव्हा मोडावी

गंगाजळी वापरण्याचे प्रसंग आधीच ठरवून ठेवावेत: पीक बुडणे, यंत्राची मोठी मोडतोड, कर्त्या माणसाचे आजारपण. लग्नातील हौस, नवी दुचाकी, यात्रा हे प्रसंग यात येत नाहीत. त्यांसाठी निराळे साठवावे.

कर्जाचा हप्ता चुकण्याचा प्रसंग आल्यास मात्र गंगाजळी मोडण्यास संकोच करू नये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजात मोठी सवलत मिळते. मुदत चुकली की सवलत जाते, आणि पुढील कर्जही अडते. मग मनुष्य खाजगी सावकाराच्या दारी जातो. तेथे शेकडा तीन रुपये दरमहा म्हणजे सालाचे छत्तीस टक्के. दोन लाखांवर एका वर्षाचे व्याज ७२,००० रुपये झाले. म्हणजे वर सांगितलेल्या एका वर्षाच्या संपूर्ण बचतीपेक्षाही अधिक. परवान्यावाचून सावकारी करणे हा २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली गुन्हा आहे. परंतु अडलेला मनुष्य परवाना विचारीत नाही. त्यास विचारण्याची ऐपत गंगाजळीच देते.

एकदा मोडलेली गंगाजळी पुढील सुकाळात प्रथम भरून काढावी, मगच नव्या यंत्राचा विचार करावा. आणि तिचा ठावठिकाणा घरातील एकाच माणसास ठाऊक असू नये. पत्नीस व कळत्या मुलास पावत्या दाखवून ठेवाव्यात आणि प्रत्येक पावतीवर वारसाचे नाव नोंदवावे. वारसाची नोंद नसल्यामुळे घरच्याच पैशासाठी विधवा स्त्रियांस वारस दाखल्याकरिता महिनोन् महिने हेलपाटे घालताना आम्ही कचेरीत पाहिले आहे.

बियाणे कितीही भूक लागली तरी खाऊ नये, हे आपल्या घराघरांतून सांगितले जाते. गंगाजळी हे पैशाचे बियाणे होय. येत्या हंगामातील पहिल्या नांगरटीचे भाडे हाती पडेल, त्या दिवशी सहावा हिस्सा बाजूस काढून वाचकांनी आरंभ करावा, एवढीच विनंती आहे.