ऋतुमानानुसार अडुळशाचे जलसिंचन : दवाखान्याच्या परसबागेसाठी एक अभ्यासपाठ

प्रस्तावना

मराठवाड्यात चैत्र-वैशाखाचे ऊन तापू लागले की घोळणा फुटल्याची तक्रार घेऊन येणारे रुग्ण वाढतात, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. अशा वेळी वैद्याला ताज्या अडुळशाची आठवण होते आणि नेमका त्याच वेळी दारातील अडुळसा पाने टाकून उभा असतो. औषधाची गरज अधिक त्या ऋतूतच वनस्पतीला पाणी कमी, असा हा पेच आहे. तो उन्हाळ्यात चार बादल्या पाणी ओतून सुटत नाही. त्याची तयारी वर्षभर करावी लागते. ती कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

शास्त्राधार

शार्ङ्गधरसंहितेत जी द्रव्ये सदैव आर्द्र अवस्थेतच वापरावीत असे सांगितले आहे, त्यांत गुडूची, कुटज, कूष्मांड, शतावरी, अश्वगंधा यांच्याबरोबर वासा हिचाही समावेश आहे. अवलेहासाठी किंवा आसवासाठी औषधनिर्मात्यास कधी सुक्या पानांवर भागवावे लागते. परंतु स्वरस आणि पुटपाक यांना ओले पानच हवे. म्हणून अडुळशाचे जिवंत झुडूप हाताशी असणे ही वैद्याची गरज ठरते.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात औषधी भूमीचा विचार आला आहे. जांगल, आनूप आणि साधारण या तीन देशांपैकी जांगल किंवा साधारण देशातील द्रव्य ग्राह्य मानले असून ऊन, अग्नी, पाणी, वारा व जंतू यांनी बिघडलेले द्रव्य वर्ज्य मानले आहे. या यादीत पाणीही आहे, हे विशेष ध्यानात घ्यावे. पाण्यावाचून सुकलेले पान जसे त्याज्य, तसेच पाण्याने बिघडलेलेही त्याज्य.

सिंचनाचा प्रत्यक्ष नियम वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाध्यायात मिळतो. लावलेल्या झाडांना उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, थंडीत एक दिवसाआड आणि पावसाळ्यात जमीन सुकेल तेव्हा पाणी द्यावे, असा त्याचा आशय आहे. हा नियम नव्या लागवडीसाठी आहे. रुजलेल्या अडुळशास तो अक्षरशः लावल्यास काळ्या जमिनीत मुळे गुदमरतील. त्यातील तिसरा भाग, म्हणजे ‘जमीन सुकेल तेव्हा’, आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. कारण तेथे दिनदर्शिकेऐवजी मातीकडे पाहण्यास सांगितले आहे.

भूमीचा विचार

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचे गाव २०२३ च्या आरक्षण आंदोलनामुळे साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक झाले. येथे त्याचा उल्लेख करण्याचे कारण निराळे आहे. या तालुक्यात जांगल आणि आनूप यांची दोन्ही टोके जवळजवळ नांदतात. दक्षिणेस गोदावरी आणि जायकवाडीचा डावा कालवा यांच्या लाभक्षेत्रात ऊस उभा असतो; लाभक्षेत्राबाहेरच्या मुरमाड माळावर मात्र उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसतो. जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान सुमारे साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, हे आपण विसरलेलो नाही.

तेव्हा एकच वेळापत्रक सर्वांस लागू पडणार नाही. भारी काळी माती पाणी धरून ठेवते. मुरमाड जमीन ते लगेच सोडते. दोन्हीकडे लागू पडणारी खूण एकच, आणि ती आपल्या शेतकऱ्यांस पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे : वाफसा. बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार बोटे खोल माती उकरावी. मुठीत दाबून गोळा झाला आणि बोटाने हलकेच दाबताच फुटला, तर वाफसा आहे. पाणी देऊ नये. गोळा चिकट राहिला तर ओल अधिक आहे. गोळा बनलाच नाही तर पाणी द्यावे. वाफशाची माती म्हणजे अंगणापुरता साधारण देशच होय, असे आम्ही मानतो.

ऋतुनिहाय सिंचन

पुढील प्रमाणे दोन वर्षांहून जुन्या, एक चौरस मीटर आळे असलेल्या झुडपासाठी आहेत. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हा हिशेब लक्षात ठेवावा. दहा लिटरच्या दोन बादल्या म्हणजे वीस मिलिमीटरची सर होय. आकडे दिशादर्शक आहेत. अंतिम निर्णय वाफशाचा.

वर्षा : मुख्य काम पाणी काढून देण्याचे आहे. आळे मोडून बुंध्याशी मातीची भर द्यावी आणि चर काढावा. मात्र पावसाने ओढ दिली तर गाफील राहू नये. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा खंडात दहा-बारा दिवसांनी माती पाहून वीस लिटर पाणी द्यावे. पावसाळा आहे म्हणून राहून गेलेले हे पाणी नव्या काड्यांच्या जिवावर बेतते.

शरद : ऑक्टोबरच्या उन्हात काळी माती भेगाळू लागते आणि भेगांबरोबर बारीक मुळेही तुटतात. म्हणून वरची दोन बोटे माती खुरप्याने हलवून भेगा बुजवाव्यात, आळे पुन्हा बांधावे आणि पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. आठ-दहा दिवसांनी पाणी पुरे होते.

हेमंत-शिशिर : हा फुलोऱ्याचा काळ. जांभळट रेषांची पांढरी फुले याच सुमारास येतात. कळ्या दिसू लागल्यावर माती पूर्ण कोरडी पडू देऊ नये; परंतु बारा ते पंधरा दिवसांतून एकदा, तेही सकाळी उन्ह वर आल्यावर, दिलेले पाणी पुरते. याहून अधिक दिल्यास खालची पाने पिवळी पडतात. पिवळे पान पाहून तहान समजणे आणि आणखी पाणी घालणे, ही चूक आम्हीही केली असून एक जोमदार झुडूप तीत गमावले आहे.

वसंत-ग्रीष्म : फुलोरा संपताच हलकी छाटणी करून एकदा भरपूर पाणी द्यावे. त्यावर कोवळी पालवी फुटते. मार्चपासून सात-आठ दिवसांनी वीस लिटर पाणी सूर्यास्तानंतर, दोन टप्प्यांत, माती पिऊन घेईल त्या गतीने द्यावे. मुरमाड जमिनीत तेच पाणी दोनदा विभागून द्यावे. आळ्यात बिनझिलईचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, ते भरून झाकून ठेवल्यास पाणी झिरपत मुळांशी पोहोचते. पहिल्या वर्षाच्या रोपास दोन-तीन दिवसांआड चार-पाच लिटर पाणी लागते.

पाणी कोठून आणावे ?

गावात टँकरची वाट पाहिली जात असताना वैद्याच्या अंगणात झारी फिरावी, हे शोभणारे नाही. पिण्याच्या पाण्यावर पहिला हक्क माणसांचा व गुराढोरांचा. परंतु दहा झुडपांची आठवड्याची गरज दोनशे लिटर, म्हणजे एक टिपाड आहे. औषधी धुतलेले पाणी आणि अर्कयंत्राच्या शीतकातून निघणारे पाणी (थंड झाल्यावर) औषधशाळेतून सहज मिळते. साबण, सोडा किंवा जंतुनाशक मिसळलेले पाणी मात्र घालू नये. कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने आळ्यात पांढरा थर दिसू लागल्यास तो खरवडून काढावा आणि पावसाळ्यात ती माती धुऊन निघू द्यावी.

तेवढेही पाणी नसेल तर झुडूप गुडघ्याएवढे छाटून जाड आच्छादन घालावे. चांगले रुजलेले झुडूप पाने टाकून तग धरते आणि पहिल्या पावसाबरोबर बहुधा पुन्हा फुटते. त्या अवधीत करपलेली पाने केवळ हाती आहेत म्हणून औषधात वापरू नयेत.

संकलन

कोवळ्या फांद्या व पाने वर्षा आणि वसंत ऋतूंत घ्यावीत, असा चरकाचा संकेत आहे. वर सांगितलेली छाटणी व सिंचन त्यास जुळणारेच आहे. सिंचनानंतर किंवा सरीनंतर लगेच पाने तोडू नयेत. दोन-तीन दिवसांनी, वाफसा आल्यावर, दव सुकल्यानंतर तोडावीत. एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक पाने घेऊ नयेत.

समारोप

रुग्णाचे अग्निबल पाहिल्यावाचून आपण मात्रा ठरवीत नाही. वनस्पतीचे पाणीही मातीची अवस्था पाहूनच ठरवावे. तीव्र किंवा न थांबणारा रक्तस्राव रुग्णालयातच पाठवावा, हे सांगणे नलगे. परंतु जेथे ताज्या वासास्वरसाने काम होणार आहे, तेथे वैद्याचा हात रिता राहू नये. प्रत्येक दवाखान्याच्या व औषधशाळेच्या आवारात या पावसाळ्यात अडुळशाच्या दोन काड्या तरी लागाव्यात आणि त्यांच्या आळ्यातील माती आठवड्यातून एकदा तरी वैद्याने स्वतः हाताळावी, एवढीच आमची विनंती आहे.