इंजिनाची जागा व तेलाचें भांडें

हलक्या शर्यतीच्या मोटारींत इंजिन कोठें बसवावें, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. परंतु त्याच्या पाठोपाठ तेलाचा प्रश्न कसा उभा राहतो, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

दोन्ही हातांत एकेक वीट घेऊन हात पसरावेत व जागच्याजागीं झटकन वळून पाहावें. मग त्याच विटा छातीशीं धरून वळावें. दुसऱ्या खेपेस श्रम कमी पडतात. मोटारीचेंही तसेंच आहे; जड इंजिन मध्याजवळ असेल तर ती चटकन वळते. १९५८ सालीं स्टर्लिंग मॉस यांनीं अर्जेंटिनाची शर्यत जिंकली, त्या कूपर गाडीचें इंजिन चालकाच्या पाठीमागें होतें. १९५९ सालीं जॅक ब्रॅबम हे तशाच गाडीनें जगज्जेते झाले.

इंजिन मध्याजवळ हवें, तसेंच तें खालींही हवें; नाहीं तर वळणावर बाहेरच्या चाकांवर फार भार येतो. पण इंजिनाच्या तळाशीं तेलाचें भांडें असतें. मिस्त्री लोक त्यास चेंबर म्हणतात. इंजिन खालीं आणावयाचें, तर हें भांडें उथळ करावें लागतें. येथेंच अडचण येते. पाण्यानें भरलेली परात घेऊन धांवणाऱ्यास ती लगेच कळेल! वळणावरील ओढ गुरुत्वाकर्षणाइतकी झाली, तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनीं कलतो. तेल एका बाजूस चढतें, पंपाची नळी उघडी पडून हवा ओढते, आणि तेलावांचून बेअरिंगें थोड्याच वेळांत जळून जातात.

यावर उपाय दोन. पहिला, भांड्यांत आडव्या भिंती व एकाच बाजूस उघडणारीं झडपें बसवावींत; म्हणजे तेल नळीकडे येतें, पण सहसा परत जात नाहीं. दुसरा, तेल भांड्यांत सांठूं न देतां एका पंपानें उपसून उंच व अरुंद टांकींत न्यावें आणि दुसऱ्या पंपानें तेथून इंजिनास पुरवावें. यास ‘ड्राय संप’ म्हणतात. यामुळें भांडें अगदीं उथळ चालतें व इंजिन खालीं बसतें. मात्र पंप, नळ्या व टांकी यांचें वजन आणि खर्च वाढतो. हलक्या गाडींत हा हिशेब कसोशीनें पाहावा लागतो.

ओढ गुरुत्वाकर्षणाच्या निम्मी असतां तेल किती अंशांनीं कलेल? त्रिकोणमिति शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण सोडवून पाहावें. उत्तर सुमारें साडेसव्वीस येईल. आणि न दिसणाऱ्या तेलाची काळजी कारागीर एवढी कां वाहतो, हेंही त्यांस उमगेल.