जुन्या मोटारसायकलीची तेलगळती

गावोगाव फिरणारे कार्यकर्ते व शेतकरी यांच्या उपयोगात अद्यापि अनेक जुन्या मोटारसायकली आहेत. उभ्या गाडीखाली पडलेला तेलाचा डाग क्षुल्लक मानू नये. तेल कमी झाल्यास इंजिनाचे भाग झिजतात. तेच तेल मागील टायरवर अथवा ब्रेकच्या लायनरवर गेल्यास अपघात संभवतो.

डाग दिसतो तेथेच गळती असते, असे नाही. तेल खाली ओघळते व चालत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते. म्हणून उगम वर व पुढे शोधावा. इंजिन थंड असताना रॉकेलच्या चिंधीने पुसून कोरडे करावे. जवळ विस्तव नसावा. नंतर सांध्यांवर खडूची पूड भुरभुरावी व थोडी फेरी मारून यावे. पूड जेथे प्रथम भिजेल तेथे दोष समजावा. पेट्रोलचा वास आल्यास मात्र इंजिन सुरू न करता प्रथम टाकीचा कॉक व नळी तपासावी.

नट अधिकाधिक आवळणे हा उपाय नव्हे. ओतीव लोखंडी इंजिनाच्या जुन्या बुलेटमध्ये डावीकडील चेनकेसचे झाकण मध्यभागी एकाच नटाने बसते. तो फाजील आवळल्यास झाकण वाकते व गळती वाढते. तेथे रबरी सील बदलावे. इतर झाकणांना नवे पॅकिंग घालून बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. अनेक सांधे एकदम पाझरू लागल्यास इंजिनाची ब्रीदर नळी पाहावी. ती तुंबल्यास आतील दाब तेल बाहेर ढकलतो.

तेल वारंवार भरण्यापेक्षा गळतीचे मूळ शोधणे, यातच खरी काटकसर आहे.